अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईचे ताट

तालुक्याच्या गावातील धान्याच्या आडतीवर त्या दिवशी लिलाव नेहमीप्रमाणे झाला, माल तोलला गेला, हिशेबपट्ट्या लिहिल्या गेल्या. पण पेढ्यांचा खोका काही गल्ल्यावर आला नाही. मालकांच्या धाकट्या सुनेला नाशिकच्या रुग्णालयात मुलगा होऊन दोन दिवस झाले होते. बाळ तिसाव्या आठवड्यात, म्हणजे दहा आठवडे आधीच, जन्मले होते. वजन १,२०० ग्रॅम. ते काचेच्या पेटीत होते आणि नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातलेली होती. अशा वेळी पेढे वाटावेत की वाटू नयेत, हे घरात कोणालाच ठरवता येईना.

स्वयंपाकघरात मात्र दादींनी आपले काम सुरू केले होते. डिंक तुपात फुलत होता, खारीक आणि खोबरे कुटून तयार होते, सुंठ चाळून ठेवलेली होती. तिसऱ्या दिवशी लाडवांचा मोठा डबा नाशिकला निघाला. त्याबरोबर नातवाकडे निरोप होता, "बिनणीला म्हणावं, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन खायचे. दूध घट्ट झालं पाहिजे, तरच बाळाचं अंग भरेल."

त्याच सकाळी सुनेने पंपाने दूध काढून पाहिले होते. अर्धा तास बसून चार मिलिलिटर. पिवळसर, चिकट, बाटलीच्या तळालाच राहिलेले. डबा समोर आला तेव्हा तिला रडू कोसळले. लाडू खाऊनही दूध आले नाही तर दोष आपलाच ठरणार, हे तिने मनाशी ठरवूनच टाकले होते. त्याहून मागे जाऊन तिने आणखी एक हिशेब मांडला होता, की गरोदरपणात पर्युषणात एक उपवास केला, तो नडला असावा.

त्या उपवासाचा मुद्दा आधी निकालात काढलेला बरा. मुदतीपूर्व प्रसूतीची कारणे अनेक असतात. रक्तदाब वाढणे, संसर्ग, जुळी मुले, गर्भाशयाच्या मुखाची दुर्बलता, ही त्यांतली काही. आणि कित्येकदा कसून शोध घेऊनही कारण हाती लागत नाही. बाळंतिणीच्या उशाशी बसून असा शोध घेण्याची नातेवाइकांना फार हौस असते. तिचा उपयोग शून्य, आणि अपाय मात्र खरा, कारण मनावरील ताणाने पान्हा सुटण्याची क्रिया अडखळते.

आता लाडवांकडे वळावे. दादींच्या समजुतीत एक साधे गृहीत आहे, की आई जितके खाईल तितके दूध येईल आणि जसे खाईल तसे ते दाट होईल. गाई-म्हशींच्या गोठ्यातील अनुभवातून ही समजूत आली असावी. स्त्रीच्या बाबतीत ती फार थोड्या अंशी खरी आहे. प्रसूतीनंतर वार बाहेर पडली की शरीरातील संप्रेरकांचा तोल बदलतो आणि दूध तयार होऊ लागते. पहिले काही दिवस हे आपोआप घडते. त्यानंतर दूध किती यावे, हे स्तन किती वेळा आणि किती पूर्णपणे रिकामा होतो यावर ठरत जाते. भरलेला स्तन निर्मितीचा वेग स्वतःच कमी करतो, रिकामा झालेला तो वाढवतो. जितके काढावे तितके पुन्हा जमा व्हावे, असे खाते कोणत्याही बँकेत उघडता येत नाही. निसर्गाने ते बाळंतिणीला दिले आहे.

पूर्ण दिवसांचे बाळ हे काम स्वतःच करते. दिवसाला आठ-दहा वेळा ते चोखते आणि आईचे शरीर तेवढी मागणी नोंदवून घेते. तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ घालता येत नाही. तो साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. तोपर्यंतची मागणी पंपाने किंवा हाताने नोंदवावी लागते. म्हणून प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर, पहिल्या काही तासांतच, दूध काढायला सुरुवात करावी, चोवीस तासांत किमान आठ वेळा काढावे आणि त्यांतील एखादी वेळ मध्यरात्रीनंतरची असावी, असे नवजात विभागातील सिस्टर पुन्हा पुन्हा सांगतात. चौदाव्या दिवसापर्यंत रोजचे दूध ५०० मिलिलिटरच्या आसपास पोहोचावे, हे डोळ्यांसमोर ठेवायचे उद्दिष्ट. १,२०० ग्रॅमच्या बाळाला त्या वेळी दर किलोमागे १६० मिलिलिटर धरले तरी १९२ मिलिलिटर लागतात. मग उरलेल्याचे काय, असा व्यापारी प्रश्न येथे कोणी विचारील. उरलेले गोठवून ठेवायचे असते. शिवाय बाळ वाढेल तशी मागणीही वाढणार असते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत जे दूध बसवले गेले नाही ते पुढे बसवणे फार कष्टाचे जाते.

चौथ्या दिवशी सिस्टरने सुनेला त्या चार मिलिलिटरचे मोल समजावले. पहिल्या दिवसांचे हे पिवळसर दूध म्हणजे रोगप्रतिकारक द्रव्यांचा साठाच. नळीने दूध पचण्याच्या आधीपासूनच त्याचे थेंब बाळाच्या गालांच्या आतून लावले जातात. दिवस भरण्यापूर्वी प्रसूत झालेल्या आईच्या दुधात पहिले दोन-तीन आठवडे प्रथिने, क्षार आणि संरक्षक घटक पूर्ण दिवसांच्या आईपेक्षा अधिक असतात. ते दिसायला पातळ असले तरी कमकस नसते. पुढेही पंपाच्या सुरुवातीचे दूध निळसर आणि पातळ, शेवटचे अधिक स्निग्ध, असा फरक एकाच वेळच्या दुधात दिसतो. 'दूध पातळ आहे' हा शेरा घरोघरी ऐकू येतो. बाटली उजेडाकडे धरून तो मारणाऱ्यांनी आधी शेवटचे दूधही पाहावे.

ताटाने मग काहीच बदलत नाही का? बदलते, पण सगळे नव्हे, आणि खरा विषय हाच आहे.

दुधातील घटकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. दुग्धशर्करा, प्रथिने, कॅल्शियम, लोह, जस्त यांचे प्रमाण आईच्या रोजच्या जेवणाने फारसे हलत नाही. आईच्या आहारात कॅल्शियम कमी पडले तर दुधात ते कमी पडत नाही. शरीर ते तिच्या हाडांमधून काढून देते. व्याज चुकवण्यासाठी मुद्दलाला हात घालावा, तसा हा प्रकार आहे. दूध सुटल्यावर हाडांतील ही घट बहुतांशी भरून येते, परंतु भरण्यासाठी आहारात काही तरी असावे लागते. म्हणून स्तनदा मातेसाठी रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आपल्याकडे केली जाते. ती बाळासाठी आहे असे समजले जाते, प्रत्यक्षात ती आईसाठी आहे. लोहाचेही तसेच. बाळंतपणानंतर १८० दिवस लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या घ्याव्यात असे सरकारी आरोग्य कार्यक्रम सांगतो, तो आईचे रक्त भरून येण्यासाठी.

दुसरा गट निराळा. बी-१२, बी-१, ब गटातील आणखी काही जीवनसत्त्वे, 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्व, आयोडीन, आणि दुधातील स्निग्धांशाचा प्रकार, हे सारे आईच्या ताटावर अवलंबून असते. आईकडे नसेल तर दुधात येत नाही. स्निग्धांशाचे एकूण प्रमाण तुपाने वाढत नाही. मात्र त्यात कोणती मेदाम्ले असतील, हे आईच्या आहाराने ठरते. म्हणजे दादींच्या लाडवातील तूप दूध 'घट्ट' करीत नाही. ते आईला उष्मांक देते, आणि ते काम काही कमी नाही. राष्ट्रीय पोषण संस्था पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला रोज ६०० उष्मांक अधिक सांगते. पन्नास ग्रॅमचा एक डिंकाचा लाडू साधारण सव्वादोनशे ते अडीचशे उष्मांकांचा. चार लाडू झाले की हजाराच्या घरात हिशेब जातो, प्रथिने त्या मानाने थोडीच मिळतात आणि जेवणाची भूक मरते. त्याऐवजी एखादा लाडू, दोन वेळा वाटीभर घट्ट मुगाचे वरण, मटकी-चवळीची उसळ, पनीर, ताक-दही, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम असे ताट मांडले तर सहाशे उष्मांकही होतात आणि प्रथिनेही मिळतात. आले वर्ज्य असलेल्या घरातही सुंठ चालते, म्हणून लाडवातील सुंठीची चिंता कोणी करू नये. मेथी, शतावरी, अळीव यांच्याविषयी बोलायचे तर दूध वाढवण्याचा त्यांचा पुरावा अगदी तोकडा आहे. थोड्या प्रमाणात त्रास होत नाही. मेथीचा अतिरेक मात्र काही जणींना जुलाब आणि पोटदुखी देऊन जातो.

बाळंतिणीला डाळ, फळे आणि पालेभाज्या बंद करण्याची जी प्रथा काही घरांत अजून पाळली जाते, तिचे समर्थन करणे कठीण आहे. आईने वरण खाल्ल्याने नळीने दूध घेणाऱ्या बाळाच्या पोटात वायू धरतो, असे मानायला आधार नाही. पाणी कमी द्यावे, ही समजूतही तशीच. भरपूर पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही हे खरे; पण दूध काढताना तहान लागते, आणि लागलेली तहान भागवावी एवढेच शरीराचे मागणे असते.

येथे आपल्या घरांपुढे एक खरा पेच उभा राहतो. सूर्यास्तानंतर चौविहार पाळणारी सून रात्री दोन वाजता उठून दूध काढते, पहाटे पाचला पुन्हा काढते, आणि नवकारशीपर्यंत घोटभर पाणीही घेत नाही. हिवाळ्यात हा काळ तेरा तासांहून अधिक होतो. नियमाची अवहेलना कोणी सुचवत नाही. परंतु पच्चक्खाण घेताना आगार ठेवण्याची रीत जुनीच आहे, आणि आजारी माणसाच्या औषधोपचारासाठी तो ठेवला जातो हे सर्वांस ठाऊक आहे. बाळंतपणाच्या आधीच, घाईगर्दी नसताना, आपल्या महाराजसाहेबांना किंवा महासतीजींना विचारून घेतले तर रुग्णालयाच्या खोलीत सासू-सुनेत तो वाद होत नाही. ज्यांना रात्रीचे अन्न नकोच असेल त्यांनी संध्याकाळचे जेवण पोटभर करावे आणि निदान पाण्याची मोकळीक ठेवावी. अठाई, वर्षीतप यांची वेळ ही नव्हे, एवढे मात्र निःसंदिग्धपणे सांगायला हवे.

आता त्या दुसऱ्या गटातील बी-१२ कडे यावे. हे जीवनसत्त्व कोणत्याही वनस्पतीत उपयोगी पडेल अशा स्वरूपात व प्रमाणात नसते. जिवाणू ते तयार करतात आणि शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. गाईच्या एका पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असते. स्तनदा मातेची गरज तीन मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. दूध बराच वेळ उकळत ठेवले की त्यातलेही काही जाते. चहापुरते दूध पिणाऱ्या घरात हा हिशेब कधीच जुळत नाही. इडली-ढोकळ्याच्या आंबवण्यातून किंवा स्पिरुलिनाच्या गोळ्यांतून तो भरून निघतो असे सांगितले जाते, पण त्यावर विसंबता येत नाही. स्पिरुलिनातील द्रव्य बी-१२ सारखे दिसते, काम मात्र करीत नाही.

१९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक निरीक्षण मांडले. केवळ अंगावर पिणारी काही बाळे काही महिन्यांनंतर निस्तेज होत, त्यांचा रंग फिका पडे, हातापायांवर काळपट डाग येत, शिकलेल्या हालचाली ती विसरत. त्या बाळांच्या आयांच्या शरीरात आणि दुधात बी-१२ ची उणीव आढळली. उपचार मिळताच बाळे सुधारली. हा आजार आजही इतिहासजमा झालेला नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या प्रदीर्घ अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळले होते. त्या सर्वजणी काटेकोर शाकाहारी नव्हत्या, हे विशेष ध्यानात घ्यावे.

आणखी दोन गोष्टी येथे गुंतागुंत करतात. पहिली म्हणजे फोलिक ॲसिडच्या गोळ्या. त्या गरोदरपणात आणि नंतरही आवश्यकच आहेत, परंतु त्यांच्यामुळे बी-१२ च्या अभावाची रक्तातील खूण झाकली जाऊ शकते आणि मज्जातंतूंची हानी तशीच चालू राहते. हिमोग्लोबिन चांगले आले म्हणजे बी-१२ चांगले, असा निष्कर्ष काढता येत नाही. दुसरी गोष्ट अधिक चिंतेची. अपुऱ्या दिवसांचे मूल मान धरायला, बसायला थोडे उशिराच शिकते आणि डॉक्टरही वय मोजताना ते अपुरे आठवडे वजा करतात. त्यामुळे बी-१२ च्या अभावाने आलेला मंदपणा 'दिवस भरले नव्हते ना, म्हणून' या एका वाक्याखाली दडून जातो. वेळेवर कळला तर तो एका स्वस्त औषधाने दूर होण्यासारखा असतो. कळण्यास महिने लागले तर मेंदूची वाढ पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

उपाय सोपा आहे. आईची रक्तचाचणी करावी आणि डॉक्टर सांगतील त्या मात्रेत बी-१२ घ्यावे. बेंगळुरूमध्ये गरोदर स्त्रियांना प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत रोज ५० मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या दुधातील प्रमाण स्पष्टपणे वाढले. हे औषध जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते, तेव्हा त्याच्या मुळाशी हिंसा नाही. कॅप्सूलचे कवच मात्र बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले, असते. म्हणून औषधाच्या दुकानात साधी गोळी किंवा वनस्पतिजन्य कवचाची कॅप्सूल मागावी. सून गोळी टाळते आणि कारण सांगत नाही, असे पुष्कळ घरांत घडते. कारण हे असते, आणि त्यावर उपाय असतो.

आयोडीनची गोष्ट छोटी पण महत्त्वाची. सैंधव शुद्ध म्हणून घरात तेच मीठ रोज वापरले जात असेल, तर त्यात सहसा आयोडीन घातलेले नसते. स्तनदा मातेच्या घरात आयोडीनयुक्त मीठ असावे. सैंधव उपवासापुरते ठेवावे.

डीएचए या मेदाम्लाविषयी हल्ली फार जाहिराती दिसतात. गर्भाच्या मेंदूत ते शेवटच्या तीन महिन्यांतच साठत असल्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते कमी मिळालेले असते, हे खरे. जवस आणि अक्रोड यांतील मेदाम्लापासून शरीर ते फार अल्प प्रमाणात तयार करते. परंतु येथे उतावीळ होऊ नये. एकोणतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना थेट डीएचए देऊन झालेल्या ऑस्ट्रेलियातील मोठ्या प्रयोगात फुप्फुसांना अपेक्षित लाभ झाला नाही. त्याच बाळांपैकी काहींची पाचव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा बुद्ध्यंक सरासरी साडेतीन गुणांनी अधिक भरला. कॅनडात मातांना मोठ्या मात्रेत डीएचए देण्याचा प्रयोग अपायाच्या शंकेने मध्येच थांबवावा लागला. शैवालापासून केलेले, म्हणजे माशांवाचून मिळणारे डीएचए बाजारात आहे; पण ते नवजात विभागाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

नाशिकच्या त्या रुग्णालयात सातव्या दिवशी आणखी एक प्रसंग उद्भवला. बाळाला नळीने दिले जाणारे दूध वाढवायचे होते आणि आईचे दूध अद्याप पुरेसे येत नव्हते. डॉक्टरांनी मानवी दुग्धपेढीतील दूध देण्यासाठी संमती मागितली. अशी पेढी आशियात प्रथम उभी राहिली ती मुंबईच्या शीव रुग्णालयात, १९८९ साली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने. दान करणाऱ्या मातांच्या रक्ताची तपासणी होते आणि दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर तीस मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते. घरातील मोठ्यांना मात्र प्रश्न पडला तो निराळाच, की ती बाई कोणत्या घरची, काय खाणारी? दादी त्या दिवशी नाशिकला आल्या होत्या. त्यांनी सिस्टरला विचारले, "हे दूध कोणाचं?"

"एका आईचं," सिस्टर म्हणाली.

दादी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच मुलाला कागदावर सही करायला सांगितले. त्यांची शंका पोकळ होती असे म्हणता येणार नाही. तिच्या मुळाशी आयुष्यभर पाळलेला विवेक होता. पण पर्याय होता पावडरच्या दुधाचा, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये पावडरच्या दुधाने आतड्याच्या एका गंभीर आजाराचा धोका दात्या मातेच्या दुधाच्या तुलनेत जवळजवळ दुपटीने वाढतो. त्या आजारात आतडे सडू लागते आणि बाळे दगावतात. स्वतःच्या आईचे दूध पहिल्या क्रमांकाचे, ते नसेल तर दात्या आईचे, आणि तेही नसेल तरच पावडरचे, हा क्रम जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

इतके सगळे केले तरी एक तूट राहतेच, आणि ती कोणत्याही ताटाने भरत नाही. गर्भ आपल्या कॅल्शियमपैकी सुमारे ८० टक्के आणि लोहाचाही मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत साठवतो. दहा आठवडे आधी आलेल्या बाळाची आरंभीची शिल्लकच तुटपुंजी असते आणि खर्च मात्र इतरांपेक्षा दुप्पट वेगाने चालू असतो. आकड्यांत पाहावे. अशा बाळाला दर किलोमागे रोज साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिने लागतात. महिन्याभराने आईच्या १६० मिलिलिटर दुधातून मिळतात जेमतेम दोन ग्रॅम. कॅल्शियम लागते १२० मिलिग्रॅमच्या पुढे, मिळते ४०-५० मिलिग्रॅम. ही आईच्या दुधाची उणीव नव्हे. ते दूध पूर्ण दिवसांच्या बाळासाठी बेतलेले असते. म्हणून डॉक्टर त्यात एक पूड मिसळतात, तिला फॉर्टिफायर म्हणतात. आपल्याकडे ती बहुधा गाईच्या दुधापासून बनलेली असते. लोह आणि 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब वेगळे दिले जातात. पूड घातली म्हणजे आपले दूध निकामी ठरले, असे वाटून कित्येक आया पंप बंद करतात. कर्ज घेतले म्हणून दुकानाचे भांडवल कोणी फेकून देत नाही. मुळात दूध असेल तरच पुडीचा उपयोग. घुटी, मध, वरचे पाणी यांतले काहीही अशा बाळाच्या तोंडाला लावू नये, हे वेगळे सांगायला नको; तरी सांगावे लागते.

मग घरच्यांनी करायचे काय? त्या कुटुंबाने जे केले ते असे. सासूबाई रात्रीच्या दोनच्या वेळेला सुनेजवळ बसू लागल्या, पंपाचे भाग धुऊन उकळून ठेवू लागल्या. मोठ्या दिरांनी बर्फाच्या पेटीची सोय केली, कारण सुनेला सुट्टी मिळून ती नातेवाइकांकडे उतरली होती आणि दूध रोज रुग्णालयात पोहोचवायचे होते. काढलेले दूध खोलीत चार तास, फ्रीजमध्ये चोवीस तास, असा नियम सिस्टरने लिहून दिला. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ. आडतीवर पोत्यांना खुणा घालणाऱ्या घराला हे शिकवावे लागले नाही. बाळाची प्रकृती जरा स्थिरावताच आईने त्याला उघड्या छातीशी धरायला सुरुवात केली. या पद्धतीचा उगम कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस झाला. तेथे पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील अभ्यासात जन्मानंतर लगेच असे छातीशी धरलेल्या बाळांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. छातीशी बाळ असताना पान्हाही अधिक फुटतो. आई थकली की वडील धरीत. एकदा दादींनीही धरले, दोन तास, न हलता, मनात नवकार म्हणत.

अठराव्या दिवशी सुनेचे दूध ४६० मिलिलिटर झाले. रक्तचाचणीत तिचे बी-१२ बरेच कमी निघाले होते. तिला सुरुवातीला इंजेक्शने आणि पुढे गोळी दिली गेली, बाळाच्या औषधांतही त्याची नोंद झाली. लाडू ती रोज एक खाई, उरलेले सिस्टर आणि शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणींनी आनंदाने संपवले.

सहा आठवड्यांनी बाळ १,८०० ग्रॅमचे होऊन घरी आले. पेढे त्या दिवशी वाटले गेले. निघताना डॉक्टरांनी लोहाचे थेंब, 'ड' जीवनसत्त्व, डोळ्यांच्या आणि कानांच्या तपासणीच्या तारखा आणि आईच्या बी-१२ च्या फेरतपासणीची तारीख एका कागदावर लिहून दिली होती. दादींनी तो कागद नातवाकडून वाचून घेतला आणि शेवटची तारीख दुकानाच्या दिनदर्शिकेवर, जीएसटीच्या तारखेशेजारी, लाल शाईने लिहायला लावली.